या ठिपक्यांत आपली माणसं कुठं आहेत?

थोडं लांबलंय, आधीच सांगते. वेळ असेल तेव्हा वाचा. दोन आठवडे हे डोक्यात घोळतंय आणि स्टाफरूममध्ये सांगायला गेलं की चहा येतो, विषय बदलतो.

मी तालुक्याच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते. सतरा वर्षं झाली. आमच्या लॅबमध्ये एक पीसीआर मशीन आहे. त्यावर आमच्या शिपाईमामांनी शिवलेलं निळं कापड असतं. समिती येणार असली की कापड निघतं, मशीन पुसलं जातं, शेजारी एक मुलगी पांढरा कोट घालून उभी राहते, फोटो होतो, कापड परत. रिएजंटला पैसे नाहीत. तीन वर्षांपूर्वी त्यात काहीतरी जळलं, दुरुस्तीचं कोटेशन आलं, ते कुठल्या फायलीत आहे ते मलाही माहीत नाही. त्यामुळे जनुकशास्त्राचं प्रात्यक्षिक म्हणजे फळ्यावर चित्र काढणं आणि मुलांनी ते जर्नलमध्ये उतरवणं.

लॉकडाऊनमध्ये घरी बसल्या बसल्या मला एक शोध लागला. शोध माझ्यापुरता, जगाला तो वीस वर्षांपासून माहीत होता. जगभरच्या प्रयोगशाळांत जे प्रयोग होतात त्यांचा डेटा फुकट बघता येतो. नुसता शोधनिबंध नाही, आतले आकडे. अमेरिकेच्या सरकारी एनसीबीआयनं २००० साली ‘जीईओ’ नावाचं कोठार सुरू केलं. कुठल्या पेशीत कुठलं जनुक किती चालू होतं, याच्या मोजण्या त्यात येऊन पडतात. चांगल्या नियतकालिकात पेपर छापायचा तर डेटा असल्या ठिकाणी ठेवावाच लागतो, असा दंडकच पडत गेला. इंग्लंडात केंब्रिजजवळ हिंक्स्टनला युरोपियन लोकांनी तसंच कोठार उभं केलं. बघायला लॉगिन लागत नाही. पत्ता, पिनकोड, कॉलेजचं पत्र, काही नाही.

आता ‘जनुक चालू’ म्हणजे काय, हे विज्ञानाबाहेरच्या मित्रांसाठी दोन ओळींत. आपल्या जवळजवळ प्रत्येक पेशीत तीच सगळी जनुकं असतात. डोळ्यातही तीच, यकृतातही तीच. फरक एवढाच की कुठं कुठली चालू आहेत. वाड्यात सगळ्या खोल्यांना वायरिंग आहे, पण दिवा कुठल्या खोलीत लागलाय ते वेगळं. डीएनए वाचला की वायरिंगचा नकाशा मिळतो. दिवे मोजायचे तर प्रत्येक खोलीत जाऊन बघावं लागतं, म्हणजे त्या-त्या अवयवाचा तुकडा लागतो. हा फरक लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

दुसऱ्या प्रकारची कोठारं मला जास्त आवडतात. त्यात नुसतं बघणं नसतं, मोडून बघणं असतं. एकेक जनुक बंद करायचं आणि पेशी मरते का जगते ते नोंदवायचं. आमचे वायरमन पावसाळ्यात फॉल्ट शोधताना तेच करतात. एकेक फ्यूज काढतात आणि ओरडून विचारतात, “कुणाची गेली?” अमेरिकेतल्या ब्रॉड इन्स्टिट्यूटच्या ‘डेपमॅप’मध्ये हजाराहून जास्त प्रकारच्या कॅन्सरपेशींवर हे केलंय. प्रत्येकीत सुमारे १८ हजार जनुकं, क्रिस्प्रनं एकेक करून बंद. तुम्ही फक्त जनुकाचं नाव टाकायचं. समोर ठिपक्यांचं चित्र येतं. एक ठिपका म्हणजे एक सेल लाइन, म्हणजे कुठल्यातरी एका माणसाच्या गाठीतून काढून प्रयोगशाळेत वर्षानुवर्षं वाढवत ठेवलेल्या पेशी. ठिपका शून्याजवळ असला तर जनुक बंद करूनही पेशीला फारसा फरक पडला नाही. उणे एककडे सरकला तर त्या जनुकाशिवाय ती पेशी तगत नाही.

कोडिंग येत नसलं तरी चालतं. टीवायच्या मुलांना मी ते मोबाइलवर दाखवते, कारण कॉलेजच्या सात कॉम्प्युटरपैकी दोन चालतात.

एक प्रात्यक्षिक मी दरवर्षी घेते. ते जरा सविस्तर सांगते, कारण त्यात मला स्वतःला चपराक बसली होती. नवव्या गुणसूत्रावर सीडीकेएन२ए नावाचं एक जनुक आहे, पेशीच्या वाढीला ब्रेक लावणारं. बऱ्याच कॅन्सरमध्ये तो तुकडाच गळून जातो, तोंडाच्या कॅन्सरमध्येही. आणि गळताना अनेकदा शेजारचं एमटीएपी हे जनुकही सोबत घेऊन जातो. दोन घरं लागून असली आणि एक पडलं की दुसऱ्याची भिंत येते तसं. एमटीएपी गेलं की पेशीत एक रसायन साठायला लागतं, आणि ते रसायन पीआरएमटी५ नावाच्या तिसऱ्याच प्रथिनाला अर्धवट गुदमरवून ठेवतं. म्हणजे या पेशींचं पीआरएमटी५ आधीच अशक्त. त्यावर अजून थोडा दाब दिला तर या मरतील, धडधाकट पेशी वाचतील. २०१६ साली अशाच मोडतोडीच्या मोठ्या डेटातून हे बाहेर आलं. आज या कल्पनेवरची औषधं माणसांवरच्या चाचण्यांत आहेत.

मी मोठ्या ऐटीत वर्गात सांगितलं, चला, डेपमॅपवर पीआरएमटी५ टाका, एमटीएपी गळालेल्या आणि न गळालेल्या पेशी वेगळ्या पडलेल्या दिसतील. मुलांनी टाकलं. सगळेच ठिपके खाली! एमटीएपी असो नसो, सरसकट सगळ्या पेशी मेलेल्या. मी गप्प. “बघून सांगते,” म्हटलं आणि तास संपवला.

घरी येऊन वाचल्यावर कळलं. क्रिस्प्र जनुक पुरतं तोडतं, आणि पीआरएमटी५ पुरतं तोडलं तर कुठलीच पेशी जगत नाही. २०१६ चा शोध जुन्या पद्धतीच्या डेटातून होता, त्यात जनुक तोडत नाहीत, त्याचा आवाज कमी करतात. गावाचा ट्रान्सफॉर्मरच उडवला तर सगळ्यांचीच लाइट जाणार, त्यातून काय कळणार? व्होल्टेज थोडं कमी केलं तर ज्याची वायर आधीच कच्ची आहे त्याचीच मोटर बंद पडते. तिथं फॉल्ट सापडतो. तो जुना डेटाही त्याच साइटवर ठेवलेला आहे, फक्त पर्याय बदलायचा. दुसऱ्या दिवशी मुलांना दाखवलं. मागच्या बाकावरचा एक जण म्हणाला, “म्हणजे मॅडम, मशीन खोटं बोलत नव्हतं, आपण प्रश्न चुकीचा विचारला.” सतरा वर्षांत जर्नलमधल्या आकृत्यांनी एवढं शिकवलं नव्हतं.

असो. मूळ मुद्द्यावर येते.

गेल्या वर्षीच्या बॅचमध्ये एक मुलगी होती. हुशार म्हणावी अशी नाही, चिवट. सकाळी दूध घालून पहिल्या एसटीनं यायची. प्रकल्पासाठी तिनं विषय निवडला तोंडाचा कॅन्सर. मला वाटलं, सोपा म्हणून निवडला असेल, गुटख्याची पोस्टरं सगळीकडं असतातच. दोन आठवड्यांनी ती ऑफिसबाहेर थांबली. तिच्या आईला गालाच्या आतल्या बाजूला गाठ होती. ऑपरेशन झालेलं, जबडा थोडा काढलेला. आई लग्न होऊन आल्यापासून मिश्री लावायची. आमच्याकडं बायका मिश्रीला व्यसन म्हणतच नाहीत. ती सकाळची मिश्री असते, चहासारखी. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे. मिश्री घरात तव्यावर भाजली जाते, तिला कोण विचारतंय.

तर तिनं डेपमॅपवर तोंडाच्या कॅन्सरच्या सेल लाइन काढल्या होत्या, वहीत हातानं यादी करून. आम्ही दोघी बसून एकेकीचं मूळ शोधत गेलो. या नावांतच गावं दडलेली असतात. एचएससी-३ जपानची. वायडी-३८ कोरियाची, तिथल्या दंतवैद्यक महाविद्यालयातली. बीआयसीआर नावाच्या बऱ्याच, त्या ग्लासगोच्या. कॅल-२७ फ्रान्समधल्या नीसची. मग अमेरिकेच्या. दुपारचे तीन वाजले. आपल्याकडची एकही आम्हाला त्या यादीत सापडली नाही.

तिनं विचारलं, “मॅडम, ह्यात मिश्री लावणारी एक पण बाई नसंल का हो?”

मला उत्तर देता आलं नाही. सेल लाइनच्या माहितीत वय असतं, लिंग असतं, कधी वंश असतो. तव्यावर भाजलेल्या तंबाखूचा रकाना मी तरी पाहिलेला नाही.

हा प्रश्न भावनेचा नाही, विज्ञानाचा आहे. पाश्चात्त्य देशांत या गटातले कॅन्सर जास्त करून जिभेचे, घशाचे. काही विषाणूमुळे होणारे. आपल्याकडं गाल आणि हिरडीच्या खाचेत, बरोबर जिथं तंबाखूची गोळी धरतात तिथं. बंगालमधल्या कल्याणीची एनआयबीएमजी आणि आपल्या खारघरचं ॲक्ट्रेक यांनी मिळून नेमक्या याच कॅन्सरचा जनुकीय अभ्यास केला, २०१३ साली तो प्रसिद्ध झाला. त्यात नेहमीचे ओळखीचे बिघाड सापडलेच, पण यूएसपी९एक्स, एआरआयडी२ अशी काही जनुकंही पुढं आली जी तोवर या कॅन्सरच्या यादीत ठळक नव्हती. आपल्या पेशंटकडं बघितलं म्हणून दिसलं. खारघरच्याच मंडळींनी २०१६ मध्ये भारतीयांच्या निरोगी जनुकीय फरकांचा एक डेटाबेसही खुला केला. कारण काय, तर परदेशी यादीशी ताडून बघितलं की आपला साधा, निरुपद्रवी फरकसुद्धा ‘कॅन्सरचा बदल’ वाटतो. तोंडवळा वेगळा म्हणून चोर ठरवण्यासारखं. तेव्हा आपल्याकडं काम होत नाही असं म्हणणाऱ्यांत मी नाही. काम होतं. ते आमच्या टीवायच्या मुलीपर्यंत ठिपक्यांच्या चित्रासारखं पोचत नाही, हे माझं दुखणं आहे.

निरोगी शरीराचं घ्या. कुठल्या अवयवात कुठलं जनुक किती चालतं, यासाठी जगभर जीटेक्स नावाचा अमेरिकी डेटा वापरतात. मरणोत्तर तिथल्या कुटुंबांनी परवानगी दिली, म्हणून ९४८ माणसांचे पन्नासेक अवयव-उती तपासता आल्या. ती कुटुंबं दुःखात असताना हो म्हणाली, त्यांच्याबद्दल माझ्या मनात आदरच आहे. पण या माणसांत जवळपास ८५ टक्के गोरे आहेत आणि दोन तृतीयांश पुरुष. म्हणजे आमची मुलगी ‘निरोगी’ म्हणून ज्याच्याशी तुलना करते, तो बहुतेक वेळा एक अमेरिकी गोरा बाप्या असतो.

इथं कुणीतरी म्हणेल, जीनोम इंडिया झालंय की! झालंय, आणि चांगलं झालंय. १० हजार भारतीयांचे जीनोम, जानेवारी २०२५ मध्ये डेटा संशोधकांसाठी उपलब्ध झाल्याची घोषणा झाली, फरीदाबादच्या इंडियन बायोलॉजिकल डेटा सेंटरमध्ये तो ठेवलाय. पण वर सांगितलेलं आठवा. तो वायरिंगचा नकाशा आहे, दिव्यांची मोजणी नाही. आणि तो मिळवायला रीतसर प्रस्ताव द्यावा लागतो. वैयक्तिक जीनोम आहेत, कुलूप हवंच, त्याला माझी हरकत नाही. मी मागतेय ती कुलपातली वस्तू नाहीच. गोषवारा मागतेय. अमुक जनुक, इतक्या पेशंटच्या गालाच्या गाठीत सरासरी इतकं चालू, शेजारच्या निरोगी उतीत इतकं. यात कुणाचं नाव कळत नाही, गाव कळत नाही. सातबाऱ्यासाठी एक खिडकी होऊ शकते तर जनुकासाठी का नाही? एक रकाना, त्यात नाव टाका, चित्र बघा.

“परदेशी साइट फुकट आहे की, वापरा” हेही ऐकून झालंय. वापरतोच. पण एप्रिल २०२५ मध्ये अमेरिकेच्या एनआयएचनं आपल्या परवानगीवाल्या कोठारांतला डेटा चीन, रशिया, इराण, क्यूबा अशा काही देशांतल्या संस्थांना बंद केला. एका नोटिशीत. आपण त्या यादीत नाही. आज नाही. त्याच वर्षी मे महिन्यात तिथल्या सरकारनं एनआयएचचं बजेट सुमारे ४० टक्के कापायचा प्रस्ताव मांडला. प्रस्ताव म्हणजे निर्णय नव्हे, मान्य. खुला भाग अजून खुला आहे, हेही मान्य. पण सर्व्हर चालवायला वीज लागते, माणसं लागतात, आणि त्याचं बिल तिकडचे करदाते भरतात. शेजाऱ्याच्या विहिरीवर पाणी भरायला काही नाही, पण आपली विहीर खणायचीच नाही असं ठरवून भरत राहायचं का?

आता ज्या गोष्टीनं मी खरी अस्वस्थ झाले ती.

प्रकल्पाच्या शेवटी ती मुलगी ते चित्र मोबाइलवर घरी घेऊन गेली. आईला दाखवलं. आईला बोलताना त्रास होतो, शब्द नीट उमटत नाहीत. ती म्हणे बराच वेळ बघत होती, मग बोट लावून विचारलं, “ह्यात मी कुठला टिपका?” मुलगी म्हणाली, तू नाहीस यात. तर आई म्हणाली, “मग माझा तुकडा कापून नेला त्यो कुठं हाय?”

मुलीनं मला हे हसत सांगितलं. मला हसू आलं नाही. खरंच कुठं आहे? ऑपरेशनच्या वेळी त्या बाईंनी चार कागदांवर अंगठा दिला होता. चारही इंग्रजीत. एका कागदावर, मुलीनं नंतर वाचलं, उती संशोधनासाठी वापरण्यास हरकत नाही असं होतं. कुणी समजावून सांगितलं नव्हतं. त्या वॉर्डात डॉक्टरांची काय ओढाताण असते ते मी पाहिलंय, त्यामुळे एकट्या कुणाला दोष देत नाही. पण १९५१ मध्ये बाल्टिमोरच्या हॉस्पिटलात हेन्रिएटा लॅक्स नावाच्या कृष्णवर्णीय बाईंच्या पेशी न विचारता घेतल्या, त्या आजही जगभर वाढतायत, आणि तिच्या कुटुंबाला ते वीसेक वर्षांनी कळलं, हे मी दरवर्षी वर्गात ‘तिकडची गोष्ट’ म्हणून सांगते. तिकडची कसली?

आणि गंमत बघा. या आईला कुणी विचारलं असतं तर ती हो म्हणाली असती, याबद्दल मला शंका नाही. मी तिला भेटले नंतर. पदरानं गाल झाकून बसली होती. म्हणाली, माझ्या तुकड्यानं कुणाच्या पोरीबाळीचं भलं होत असंल तर घ्या की, पर सांगून घ्या. आणि काय कळलं ते मला बी सांगा. संमतीच्या विषयावर तासन् तास चर्चासत्रं होतात, त्यातली अर्धी या दोन वाक्यांत बसली असती.

तिची गाठ बहुधा मेणाच्या ठोकळ्यात, कुठल्यातरी पॅथॉलॉजीच्या कपाटात आहे. असे ठोकळे आपल्या सरकारी आणि धर्मादाय रुग्णालयांत किती असतील! त्यावर आज तपासण्या होऊ शकतात. पैसे लागतात, ठोकळा नीट ठेवलेला लागतो, वरचा कागद वाचता येणारा लागतो. आणि मिश्री, गुटखा, पान, काहीच नाही, असा एक रकाना लागतो. तो रकाना भरायला क्रिस्प्र लागत नाही. केसपेपर लिहिताना दोन प्रश्न जास्त विचारावे लागतात, तेही बाईला, आणि घरच्यांना बाहेर थांबवून, कारण सासऱ्यासमोर ती मिश्रीचं नाव घेणार नाही.

आम्ही आमच्यापुरतं एक केलं. ती मुलगी, अजून दोघी आणि मी, चौघींनी मिळून संमतीपत्राचा मराठी मसुदा लिहिला. दोन पानं. पहिला मसुदा इतका पुस्तकी झाला की ‘ऊती’ शब्दावरच तिच्या आईनं थांबवलं, “म्हंजी वं काय?” मग ‘तुमच्या गाठीचा छोटा तुकडा’ असं लिहिलं. ‘जनुकीय माहिती’च्या जागी काय लिहावं यावर दोन दिवस भांडलो. ‘नाही म्हटलं तरी उपचारात काही फरक पडणार नाही’ हे वाक्य तिनं ठळक करायला लावलं. ‘मी नंतर विचार बदलू शकते’ हेही घातलं. शेवटी एक ओळ तिच्या सांगण्यावरून आहे: काय कळलं ते मला कळवा, त्यासाठी फोन नंबर.

तो मसुदा एका ठिकाणी नेऊन दिला. “छान आहे, ठेवून जा,” म्हणाले. त्याला आता चार महिने झाले.

मुलगी पास झाली. सध्या तालुक्याच्या लॅबमध्ये रक्ताचे नमुने घेते, एमएस्सीला पैसे साठवतेय. आईची तपासणी दर तीन महिन्यांनी असते, त्या दिवशी ती रजा टाकते. मिश्री सुटली. शेजारणींची सुटली नाही.

वाचणाऱ्यांपैकी कुणी पॅथॉलॉजीत, कॅन्सर रुग्णालयात किंवा एथिक्स कमिटीवर असेल, तर तो दोन पानी मसुदा मी पाठवते. चुका काढा, कायद्याच्या भाषेत कुठं अडेल ते सांगा. फक्त ‘ऊती’ परत घालू नका. आणि तालुक्याच्या कॉलेजात शिकवणारं कुणी असेल तर पीआरएमटी५ चं प्रात्यक्षिक जरूर घ्या, पण आधी स्वतः करून बघा.

मोबाइल चालतो. रेंज मात्र आमच्याकडं जिन्याच्या तिसऱ्या पायरीवरच येते, तास तिथंच घेते.